भावनिक अडचणींशी झुंजणाऱ्या तरुण मुलांना स्वतःच्या पायावर उभं करताना : नागपूरच्या घरांसाठी

"आधी बरा होऊ द्या, मग बघू." नागपुरातल्या कितीतरी घरांत मी हे वाक्य ऐकते. मुलाला नैराश्य आहे, मुलीला चिंतेचा त्रास आहे, कुणाला बायपोलर (कधी उन्माद, कधी नैराश्य), कुणाला ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा). घरचे मायेनं सगळी कामं स्वतःकडे घेतात. गोळ्या आई देते, डॉक्टरांशी बाबा बोलतात, फॉर्म ताई भरते. या आजारांमध्ये मात्र चढउतार वर्षानुवर्षं चालू राहतात. पूर्ण बरं होण्याची वाट बघताना वीस वर्षांचा मुलगा सत्तावीसचा होतो आणि त्याला बँकेत एकट्यानं जायची भीती वाटते. ही भीती आजाराची कमी आणि न केलेल्या सरावाची जास्त असते.

मानसिक आजारांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश आजार वयाच्या २४ वर्षांच्या आत सुरू होतात. म्हणजे इतर मुलं खोली बघतात, नोकरी धरतात, पैसे उडवतात आणि त्यातून शिकतात, नेमकी तीच वर्षं या मुलांची आजारात जातात. म्हणून माझा आग्रह एकच आहे: उपचार आणि स्वावलंबन एकाच वेळी चालू द्या. एकेक जबाबदारी हळूहळू मुलाच्या हातात द्या, आणि गाडी घसरली तर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा. हे कसं करायचं, ते पुढे क्रमानं सांगते. तुमच्या घरी क्रम थोडा मागेपुढे झाला तरी चालेल.

पहिली पायरी : एक कागद, तीन रकाने

मुलासोबत बसा. त्याच्याबद्दल काकांसमोर बोलायला नको, त्याच्याशीच बोला. आधी विचारा, "तुला स्वतःहून काय करावंसं वाटते?" उत्तर तुमच्या मनासारखं नसेल. तुम्हाला बी.कॉम. पूर्ण व्हायला हवं असेल, त्याला दोस्तांसोबत फुटाळ्याला जायची मोकळीक हवी असेल. त्याची इच्छा आधी लिहा. जे त्याला हवं आहे त्यासाठी तो धडपडेल. तुमच्या इच्छेसाठी तो फक्त होकार देईल.

मग कागदावर तीन रकाने करा: "मी एकटा करतो", "कुणी सोबत असलं तर करतो", "अजून जमत नाही". त्यात रोजच्या गोष्टी टाका. सकाळी स्वतः उठणं, गोळ्या, डॉक्टरांची तारीख लक्षात ठेवणं, कूलरमध्ये पाणी भरणं, गॅस बुक करणं, वीजबिल, बुधवार बाजारातून आठवड्याची भाजी, शहराच्या 'आपली बस'नं जाणं, अनोळखी माणसाला फोन करणं. बऱ्याच घरांत हा कागद बघून आईवडील चकित होतात, कारण पहिल्या रकान्यात त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जास्त गोष्टी निघतात.

मधल्या रकान्यातली एकच गोष्ट निवडा आणि दोन-तीन आठवडे तिच्यावरच राहा. एकदम पाच गोष्टी हातात दिल्या तर पाचही मोडतात.

दुसरी पायरी : उपचाराची सूत्रं मुलाकडे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. स्वतःचा आजार आणि स्वतःची औषधं ज्याला सांभाळता येतात, त्याला बाकीचं जमतं.

मानेवाड्यातल्या एका घरी मी रात्री साडेनऊला बसले होते. आई स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणि तळहातावर दोन गोळ्या घेऊन आली. तेवीस वर्षांच्या मुलानं मोबाईलवरची नजर न उचलता हात पुढे केला, गोळ्या गिळल्या, पेला परत दिला. मी विचारलं, "कोणत्या गोळ्या आहेत रे?" तो म्हणाला, "आईले माहीत." आई चार वर्षांपासून एक दिवसही चुकली नव्हती. त्या मुलाला मात्र आपण काय घेतो, कशासाठी घेतो, चुकलं तर काय होतं, यातलं काही माहीत नव्हतं. उद्या तो पुण्याला गेला तर पहिल्याच आठवड्यात औषध बंद पडणार.

त्या घरात बदल असा केला. सात कप्प्यांची गोळ्यांची डबी आणली. रविवारी सकाळी मुलगा ती भरायचा आणि आई शेजारी बसून बघायची. मग तो एकटा भरू लागला, आई रात्री डबी बघायची. पुढे आई फक्त रविवारी रिकामे कप्पे बघू लागली, आणि शेवटी तेही थांबलं. प्रत्येक टप्प्याला साधारण महिना द्या. सोबत एका चिठ्ठीवर औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि कशासाठी हे मुलाच्या अक्षरात लिहून त्याच्या पाकिटात आणि मोबाईलच्या फोटोंत ठेवा. एखादी गोळी चुकली तर लगेच दोन घ्यायच्या नाहीत, काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच समजून घ्यायचं.

नैराश्याच्या बहुतेक गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. सुरुवातीच्या दिवसांत काहींची बेचैनी वाढते. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये या काळात जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, म्हणून पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यावर घरच्यांनी जास्त जवळ राहायचं. बरं वाटलं म्हणून गोळी एकदम सोडायची नाही. सोडल्यावर येणारी चक्कर आणि चिडचिड बघून मुलाला वाटतं की आजारच उलटला.

आपल्या नागपूरचा उन्हाळा इथे वेगळा लक्षात घ्यावा लागतो. बायपोलरवरचं लिथियम हे औषध घेणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी दुचाकीवर हिंडणं, जुलाब, किंवा मीठ एकदम कमी करणं, यातलं काहीही त्याला महागात पडू शकतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या, अडखळती चाल, जड जीभ असं दिसलं तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यांनीही लिथियम वाढतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्त, थायरॉइड आणि किडनीच्या तपासण्या चुकवू नका. भ्रम-भासांवरच्या काही औषधांनी शरीराची उष्णता सोसायची ताकद कमी होते. आणि कोणतंही औषध गाडीच्या डिक्कीत किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. ही काळजी मुलानंच घ्यायला शिकायचं. पाण्याची बाटली त्याच्या बॅगेत त्यानंच भरायची.

डॉक्टरांकडे गेल्यावर आधी मुलाला एकट्याला आत जाऊ द्या. अठरा पूर्ण झाल्यावर उपचाराचा निर्णय त्याचा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार त्याची माहिती गोपनीय राहते. तुम्हाला सहभागी व्हायचं असेल तर मार्ग आहे: तो साध्या कागदावर सही करून तुम्हाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकतो. तुमची लेखी संमतीही लागते. कुणाला नेमायचं ते त्यानं ठरवायचं. एखादी मुलगी आईऐवजी मावशीला नेमेल, तर वाईट वाटून घेऊ नका.

खासगी डॉक्टरांचा खर्च झेपत नसेल तर मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. छिंदवाडा रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथल्या चौकाचं लोकांच्या तोंडी असलेलं नाव ऐकून कितीतरी घरं पाऊल मागे घेतात. रिक्षावाला काय म्हणेल, शेजारचे बघतील, या धाकानं उपचार लांबतो, आणि त्याचा भुर्दंड मुलाला पडतो. जुनी कागदपत्रं एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावा. ती फाइल मुलाकडेच राहू द्या.

तिसरी पायरी : झोप आणि दिवसाची चौकट

झोपायच्या वेळेवरून भांडू नका, उठायची वेळ पक्की करा. रात्री दोनला झोपला तरी सकाळी आठला उठायचं, दुपारी झोपायचं नाही. आठवड्या-दोन आठवड्यांत रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकते. बायपोलरमध्ये जागरण हे उन्मादाला सरळ आमंत्रण असतं, त्यामुळे लग्नाच्या घरातली रात्रभराची जागरणं, परीक्षेची रात्र यांचा आधीच विचार करा. उन्हाळ्यात बाहेरची कामं सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर. दिवसात एक काम असं असावं की ते केलं नाही तर दुसऱ्या कुणाला अडेल. कुत्र्याला फिरवणं, भाचीला शिकवणीला सोडणं, काहीही चालेल.

चौथी पायरी : घराबाहेर, एकेक स्टेशन

चिंता आणि पॅनिकचा (अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीचा) त्रास असलेली मुलं गर्दी टाळत टाळत घरातच अडकतात. टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि भीती आणखी घट्ट होते. यावर टप्प्याटप्प्यानं सामोरं जाण्याची पद्धत चालते, आणि आपल्याकडची मेट्रो त्यासाठी फार सोयीची आहे. ठरलेली वेळ, थंड डबा, आणि पुढचं स्टेशन काही मिनिटांवर.

हिंगणा रोडकडे राहणाऱ्या एका मुलीनं असं केलं. आधी बहिणीसोबत नुसतं सुभाष नगर स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं आणि परत यायचं. मग दोघींनी एलएडी चौकापर्यंत. मग बहीण पुढच्या डब्यात, ही मागच्या. मग ही एकटी आणि बहीण शंकर नगरला उभी. शेवटी एकटीनं बर्डीला (सीताबर्डीला) उतरून मेन रोडवरून एक ओढणी विकत आणायची. छातीत धडधडलं तर पळायचं नाही, तिथेच थांबायचं आणि धडधड ओसरू द्यायची, हा एकच नियम. एकाच पायरीवर ती तीन-तीन दिवस राहिली. बहिणीनं एकदाही "एवढ्याशाचं काय भेव?" म्हटलं नाही, आणि मला वाटतं अर्धं काम तिथेच झालं. थेरपिस्ट असेल तर या पायऱ्या त्यांच्यासोबत बसून आखा.

पाचवी पायरी : वाईट दिवसाचा करार

हे चांगल्या दिवसात लिहायचं. पुन्हा मुलाच्याच शब्दांत. "माझं बिघडायला लागलं की आधी काय दिसते?" कुणी आंघोळ सोडतो, कुणी फोन उचलत नाही, कुणी तीन तास झोपून ताजातवाना असतो आणि भराभर ऑनलाइन खरेदी करतो. मग घरच्यांनी काय करायचं आणि काय करायचं नाही: "माझ्या खोलीचं दार उघडं ठेवायला सांगा, पण ओरडू नका. दादाला फोन करा, मामाला करू नका." डॉक्टरांचा नंबर, जवळच्या दवाखान्याचं नाव, कोणत्या खुणेनंतर भरती व्हायला त्याची हरकत नाही, हेही लिहा. कायद्यानं अशी पूर्वसूचना रीतसर नोंदवायचीही सोय दिली आहे.

आत्महत्येबद्दल सरळ विचारा. "तुझ्या मनात मरायचे विचार येतात का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; बहुतेक मुलांना कुणीतरी विचारलं याचा आधार वाटतो. उत्तर हो असेल तर एकटं सोडू नका, उपदेश करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. तातडी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. पोलीस केसच्या भीतीनं दवाखान्यात न्यायला उशीर करू नका. २०१७ च्या कायद्याचं कलम ११५ असं धरून चालतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, आणि तिला शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य आहे.

घरातल्या औषधांचा साठा कुलपात ठेवा आणि मुलाकडे आठवड्यापुरत्याच गोळ्या असू द्या. नागपुरात शिकणारी बरीच मुलं वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या शेतकरी घरांतली असतात. सुट्टीत मूल गावी येणार असेल तर फवारणीची औषधं घरातून आणि गोठ्यातून हलवा, कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याच्या घरी ठेवा. अशा वेळी तो टोकाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. त्या वेळात हाताशी विष नसणं, एवढ्यानंही जीव वाचतो.

सहावी पायरी : पैसा

रोज हातावर शंभर रुपये ठेवण्याऐवजी आठवड्याची ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात टाका. बुधवारी संपली तर रविवारपर्यंत थांबायचं. जेवण, गोळ्या आणि बसभाडं मात्र कधी थांबवायचं नाही. यूपीआय अशा वेगळ्या खात्याला जोडा जिथे थोडीच रक्कम असते. उन्मादात हजारो रुपये उडालेले असतील तर कर्ज देणारी अॅप मोबाईलमधून काढणं, मोठी खरेदी एक रात्र थांबवणं, असं त्याच्याशी बोलून ठरवा. एटीएम कार्ड हिसकावून घेतलेली मुलं पुढे खर्च लपवायला शिकतात.

सातवी पायरी : शिक्षण, काम, कागदपत्रं

कॉलेज मध्येच सुटलं असेल तर सगळे विषय एकदम उचलू नका. कामाचंही तसंच. आधी वर्षभर प्रशिक्षण, मग नोकरी, असं थांबण्यापेक्षा दिवसाचे तीन-चार तास खऱ्या कामावर जाणं जास्त उपयोगी पडतं. ओळखीच्या दुकानात बिलिंग, झेरॉक्स सेंटर, शिकवणी वर्गाचं ऑफिस, इथून सुरुवात होऊ शकते. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत फिरत्या पाळ्या असतात, परदेशी ग्राहकांच्या कामात रात्रपाळी. बायपोलर असलेल्या मुलाला पगार थोडा कमी चालेल, पण दिवसपाळी बघा.

मालकाला आजार सांगायचा का? नाव सांगायची गरज नाही. "महिन्यातून एकदा सकाळी दवाखान्यात जावं लागते, रात्रपाळी जमणार नाही" एवढं पुरतं. सवलत किंवा आरक्षण हवं असेल तर मात्र कागद लागतो. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजार आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाण ४० टक्के किंवा जास्त आलं तर सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारखे लाभ मिळतात. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांग ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरायचा आणि तपासणी सरकारी रुग्णालयातल्या मंडळाकडे होते. प्रमाणपत्र काढायचं की नाही, हे मुलगा ठरवेल. काहींना तो कागद आधार वाटतो, काहींना शिक्का.

आठवी पायरी : वेगळं राहणं

एकदम दुसऱ्या शहरात पाठवू नका. आधी घरातच वरची खोली, स्वतःचा डबा स्वतः, कपडे स्वतः. मग चार दिवस आत्याकडे. मग नंदनवन किंवा प्रतापनगरसारख्या भागात खोली, शक्यतो एका समजूतदार जोडीदारासोबत, आणि मेसचा डबा. घर तीस-चाळीस मिनिटांवर असावं. दिवसातून एकदा ठरलेल्या वेळी फोन. "जेवला का, गोळी घेतली का, कुठे जाऊन राहिला?" अशी सरबत्ती केली की उत्तर येतं, "काहून एवढं विचारून राहिली?" आणि पुढचा फोन तो उचलत नाही. एखाद्या दिवशी आपणच आपल्या घरचं सांगा: आज फोडणीचं वरण केलं, शेजारच्या काकूंचा पाय मुरगळला. मग तोही आपलं सांगतो.

दुसरी किल्ली कुणाकडे राहील आणि ती कधी वापरायची, हे लिहून ठेवा. तो परत आला तर परत जायची तारीख त्याच वेळी ठरवा, नाहीतर दोन आठवड्यांची विश्रांती दोन वर्षांची होते.

लग्नाबद्दल स्पष्ट बोलते

"लग्न करून द्या, आपोआप सुधारेल" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. ऐकू नका. लग्न हा उपचार नाही, आणि दुसऱ्या घरच्या मुलीला किंवा मुलाला न सांगता त्यात ओढणं हा अन्याय आहे. मुलाला स्वतःला लग्न हवं असेल, तब्येत बरेच दिवस स्थिर असेल, तर जरूर करावं, आजार सांगून. लपवलेला आजार पुढे विवाह रद्द करण्याच्या दाव्यात उभा राहू शकतो, आणि सासरी लपूनछपून गोळ्या घेणारी मुलगी त्या लवकरच सोडते. मुलीला व्हॅल्प्रोएट (बायपोलरवरचंच आणखी एक औषध) चालू असेल तर लग्नाआधीच डॉक्टरांशी बोला. गरोदरपणात त्यानं बाळाला गंभीर दोष होऊ शकतात, पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

आणि "आमच्यानंतर काय?"

हा प्रश्न आईवडील दारात चप्पल घालताना विचारतात, मुलाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. तो बैठकीत, मुलासमोर विचारा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची पालकत्वाची सोय आणि निरामय आरोग्य विमा हे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहेत; केवळ मानसिक आजाराला ते लागू होत नाहीत. त्यामुळे मृत्युपत्र, खात्यांवरचं वारस नामांकन आणि गरज असेल तर खासगी ट्रस्ट, हे मार्ग हाताशी असतात. वकिलाकडे जाताना मुलाला आणि त्याच्या भावंडांना सोबत न्या. बहिणीनं पुढे काय करायला हो म्हटलं आणि कशाला नाही, हे त्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरू द्या. पैसे ती सांभाळेल पण तो तिच्या घरी राहणार नाही, असं तिनं म्हटलं तर तसंच लिहून घ्या.